हरणी गोठ्याबाहेर गेली आहे

"मॅडम, हरणीचा मेसेज आलाय," संदिपान देवकाते फोनवर म्हणाला.

मी नुकताच डबा उघडला होता. घास हातातच ठेवून विचारलं, "काय म्हणतोय?"

"हरणी गोठ्याबाहेर गेली आहे, असं लिवलंय."

"मग आणून बांधा की. दावं सुटलं असेल."

तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हरणी मेलीय. मागल्या पंधरवड्यात. माझ्या हातानं पुरलीय मी तिला."

मी तेव्हा एका खाजगी डेअरीच्या तालुक्याच्या केंद्रावर होते. डेअरीनं काही निवडक गोठ्यांमधल्या गाईंच्या गळ्यात पट्टे बांधले होते. पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी डबी असायची. गाय किती चालली, अंग किती तापलं, रवंथ करते की नाही, हे सगळं ती डबी मोजायची आणि माझ्या कॉम्प्युटरवर आणि मालकाच्या मोबाईलवर पाठवायची. सुरुवातीला लोक हसले. मग एकदोघांच्या गाई वेळेवर उपचार मिळून वाचल्या आणि पट्ट्यांसाठी वशिले लागायला लागले. मीही त्या कामात रमले होते. खोलीत बसून दहा कोसांवरची गाय आज नीट चरली नाही हे कळायचं, याचं मला तेव्हा मोठं अप्रूप होतं.

"पट्टा कुठंय?" मी विचारलं.

"तिच्यासंगंच गेला. गडबडीत काढायचा ऱ्हायला."

"मग डबीत माती, पाणी गेलं असेल. बिघडली की काहीही पाठवते ती. लक्ष देऊ नका."

तो बरं म्हणाला, पण फोन ठेवेना. मग म्हणाला, "रोज येतोय मॅडम. कालबी आला, परवाबी आला. दुपारचा जातोय आन् सांजंला गोठ्यात आली असाबी येतोय. बायको भ्यालीय."

डबा तसाच झाकून मी कॉम्प्युटर उघडला. मेलेल्या गाईंची पानं आम्ही बंद करायचो. हरणीचं माझ्याकडून उघडंच राहिलं होतं. नकाशावर तिचा हिरवा ठिपका होता. संदिपानच्या वस्तीवर नव्हता. वस्तीच्या पूर्वेला धरणाचं पाणी पसरलेलं दिसत होतं, आणि ठिपका त्या निळ्या पाण्यात, काठापासून बराच आत उभा होता.

बिघडलेली डबी भलतीच जागा दाखवते, हे मला माहीत होतं. पण ती उड्या मारते. आत्ता इथं, मग एकदम दहा मैलांवर. हा ठिपका तसा नव्हता. मी मागच्या दिवसांची वाट उघडून बघितली. गोठा, मग बाभळीचं रान, मग पाणी. पाण्यात बराच वेळ मुक्काम. मग त्याच वाटेनं परत. एखादं जनावर ओळखीच्या रानात जाऊन येतं तशी, रोज एकच वाट.

बाजूच्या रकान्यात अंगाची ऊब होती, गाईच्या उबेपेक्षा जराशी कमी. त्याखाली लिहिलं होतं: रवंथ चालू.

मी खुर्ची मागे सरकवली. बाहेर दुधाच्या कॅनचा खडखडाट चालला होता आणि तो आवाज मला त्या क्षणी फार बरा वाटला.

साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "मेलेल्या गाईचं पान उघडं का ठेवलं? बंद करून टाका, मेसेज थांबतील." बरोबरच होतं. एक बटण दाबायचं काम. मी बाण त्या बटणावर नेलाही. पण दाबवेना. शेवटी ठरवलं, एकदा जाऊन डोळ्यांनी बघू, मग बंद करू.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वस्तीवर पोचले. मे महिना होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि रस्त्याकडेची झाडं धुळीनं पांढरी पडली होती. संदिपान दारातच उभा होता. चाळिशीतला, अंगानं दणकट माणूस, पण डोळे जागरणानं आत गेलेले. त्याची बायको शालन पाणी घेऊन आली. गोठ्याच्या दाराला काळी बाहुली आणि लिंबू टांगलेलं दिसलं.

"मॅडम, तुमी शिकलेल्या," शालन म्हणाली. "मला सांगा, गाय अशी घुटमळती का माघारी? आमचं काय चुकलं म्हणून?"

"घुटमळत नाही ताई. यंत्राचा घोळ आहे."

"यंत्र म्हनतंय ती रवंथ करती."

मी गोठ्याकडे वळले. गोठ्याला लागून एक पत्र्याचं छपरीवजा दालन होतं. तिथं एक बाज, बाजेवर नीट घडी घातलेली वाकळ. मी विचारलं, "इथं कोण असतं?"

"माझी आई," संदिपान म्हणाला. "हौसाबाई. हरणीचं सगळं तीच बघायची. जनावराशेजारीच झोपायची."

"त्या काय म्हणतात या सगळ्याला?"

"आत्याबाई काय म्हन्नार," शालन म्हणाली. "मामंजी गेल्यापास्नं बोलनं कमीच हुतं. हरणी गेल्यापास्नं तर शबूद न्हाई तोंडातनं. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खात्यात. दुपारचं म्हसोबाच्या देवळात जाऊन बसत्यात, सांजंला येत्यात."

संदिपाननं मला वस्तीमागं नेलं. लिंबाखाली मातीचा उंचवटा होता, वर बोरीच्या काट्या रचलेल्या. मी त्याच्याभोवती चालून आले. माती ऊन खाऊन घट्ट झाली होती. कुत्र्यानं उकरलेलं नाही, भेग नाही, एक काटकी हललेली नाही.

"आता बघा," तो म्हणाला. "यातनं ती कुटनं बाहीर यील?"

त्याच क्षणी त्याच्या खिशातला मोबाईल वाजला.

त्यानं तो काढला आणि वाचला. माझ्यापुढं धरला. हरणी गोठ्याबाहेर गेली आहे.

आम्ही दोघंही त्या उंचवट्याकडे बघत राहिलो. भर दुपार होती, पायाखाली चटके बसत होते. संदिपान एक पाऊल मागं सरला.

"चला," मी म्हणाले. "ठिपका जिथं जातोय तिथं जाऊ."

"तिथं पाणी हाय ना मॅडम, नकाशात?"

"नकाशातला फोटो धरण भरलेलं असतानाचा आहे. आता तिथं काय आहे?"

तो थबकला. मग म्हणाला, "आता तिथं जुनं गाव हाय."

वाटेत त्यानं सांगितलं. धरण झालं तेव्हा त्यांचं वाघाळी गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव वर माळावर वसलं. तो तेव्हा आईच्या कडेवर होता. त्याला काही आठवत नव्हतं. एरवी पाणी इतकं मागं हटत नाही. पण यंदा हटलं, आणि भिंतींचे पाये, जात्यांच्या तळ्या, देवळाचा कळस असं सगळं उघडं पडलं. बघायला आधी चार लोक गेले. मग कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

बाभळीच्या रानातून जाताना ठिपका आमच्या पुढं होता. केंद्रावरचं तेच पान मी मोबाईलवर उघडून बघत होते. आम्ही भरभर चालत होतो, तो सावकाश चालत होता. अंतर कमी होत होतं. मध्येच तो थांबला की मीही नकळत थांबायचे. समोर कुणी दिसत नव्हतं. बाभळी दाट होत्या आणि वाट नागमोडी.

रान संपलं आणि एकदम सगळं उघडं झालं. नजर पोचेल तिथपर्यंत भेगाळलेला गाळ. दूर पाण्याची पट्टी, तिच्याकाठी भोयांच्या दोनचार होड्या. मध्ये गुडघाभर उंचीच्या भिंती, ओळीत, गल्ल्यांसकट. उन्हानं सगळं थरथरत होतं. कसलाच आवाज नव्हता. पाखरू नाही, वारा नाही.

"कुटं हाय ती?" संदिपाननं विचारलं. तो कुजबुजतच होता.

"समोरच दाखवतंय. त्या भिंतींच्या मागं."

त्यानं कपाळावर हात धरून बघितलं. "तिथं कुनी न्हाई मॅडम."

तेवढ्यात पुन्हा मेसेज आला. या वेळी आम्हा दोघांच्याही मोबाईलवर. हरणी अचानक खाली बसली आहे. तपासा.

गाय पाय घसरून पडली की असा मेसेज यायचा. मी पळायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. मेलेली गाय पडली म्हणून कुणी पळत नाही. संदिपान मागून "मॅडम, मॅडम" करत येत होता. भिंती आल्या. एका घराचा उंबरठा अजून जागेवर होता. तो ओलांडून मी आत गेले. चारी बाजूंनी पाये, मध्ये अंगण, अंगणात वाळलेला गाळ. मोबाईलवर माझ्या जागेचा निळा ठिपका आणि हरणीचा हिरवा ठिपका एकमेकांवर बसले होते.

तिथं कुणीही नव्हतं.

मी सावकाश स्वतःभोवती फिरले. भिंतीआड बघितलं. संदिपान उंबरठ्याबाहेरच थांबला होता.

"माघारी फिरूया," तो म्हणाला. "मी तुमाला सांगतो, माघारी फिरूया. बंद करा तुमचं ते."

मी मोबाईलकडे बघितलं. अंगाची ऊब अजून दिसत होती. खालचा शब्द बदलला. रवंथ चालू.

आणि मग मला ते ऐकू आलं. कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण सूर घरातल्या गप्पांचा होता, निवांत. काहीतरी विचारावं, मग समोरच्याचं उत्तर ऐकून घ्यावं तसं थांबणं, मग "हूं", मग पुन्हा बोलणं. आवाज आजूबाजूनं येत नव्हता. तो जमिनीतून येत होता, माझ्या पायांखालून.

मला हलता येईना. वाटलं, पाय उचलला तर काहीतरी धरेल. संदिपाननंही ते ऐकलं. तो पळून जाईल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा बदलला. त्यानं मान तिरकी करून कान दिला, आणि लहान मूल हाक मारतं तशा आवाजात तो म्हणाला, "आये?"

बोलणं थांबलं.

"आये, तू हायस का?"

"संदिपान," खालून आवाज आला. "व्हय रं. मी आत हाय."

तो उंबरठा ओलांडून धावला. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत, गाळाचा पापुद्रा आत कोसळून एक काळं भोक पडलं होतं. उन्हातून बघताना ती सावलीच वाटत होती. मी दोनदा तिच्यावरून नजर फिरवली होती. ते पेव होतं. जुन्या घरांत धान्य साठवायला जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. इतकी वर्षं गाळाखाली झाकलेलं. वरून चालताना तोंडावरचा गाळ खचला होता आणि त्यासरशी हौसाबाई खाली गेली होती.

संदिपान सरळ आत पाय सोडायला निघाला. मी त्याची कॉलर धरली. "दोघंही अडकाल. दोर हवा."

मी पाण्याच्या दिशेनं ओरडत सुटले. होडीत जाळं दुमडत बसलेला एक भोई उठून उभा राहिला आणि काय झालंय ते न विचारताच दोर खांद्यावर टाकून निघाला. सर्जेराव त्याचं नाव. पेवाशी आल्यावर त्यानं आधी चिंधी पेटवून आत सोडली. ती विझली नाही हे बघून मगच तो म्हणाला, "हवा हाय. सोडा मला." संदिपान आणि मी दोर धरून बसलो. दोर तळहात सोलत होता. खाली सर्जेराव म्हणत होता, "आजी, हात द्या. कुठं दुखतंय?" आणि ती म्हणत होती, "दमानं. त्यास्नी पाय लागंल तुजा." कुणाला, ते त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तिला वर घेतलं तेव्हा ती मातीनं माखली होती. घोटा सुजला होता, बाकी फारसं लागलं नव्हतं. गाळ मऊ होता. संदिपाननं तिला मांडीवर घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसायला लागला आणि पदर बाजूला झाला.

गाईचा पट्टा तिच्या गळ्यात होता. मोठा होत होता म्हणून दोन वेढे घालून गाठ मारलेला. डबी गळ्याच्या खळगीशी टेकली होती.

त्याला काही क्षण ते कळलंच नाही. मग म्हणाला, "आये, ह्ये काय गं? ह्ये तू काडलंस?"

"पुरायच्या आदी काडलं."

"कशापायी?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. राग नव्हता तिच्या बोलण्यात. पिकाचं सांगावं तसं सांगत होती.

"हरणीला जरा कमीजास्त झालं की ह्ये तुला सांगायचं. तू ताटावरनं उठून पळायचास. म्हटलं आपुन म्हातारी मान्सं. रोज इकडं येनार, कुटं पडलो-झडलो तर आपलंबी सांगंल."

सर्जेराव दोर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला. संदिपाननं खाली मान घातली. त्यानं आईच्या पायाचा तळवा दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठ्यानं त्यावरचा गाळ काढत होता, सारखा तोच तोच.

मी मोबाईल बाहेर काढला तो डॉक्टरांना फोन करायला. स्क्रीनवर अजून तेच होतं, रवंथ चालू. गाईचा जबडा हलला की डबीला कळतं, आणि माणूस बोललं तरी गळा हलतोच. कालपासून मी बघत होते ते हे होतं. घरी एक शब्द न बोलणारी बाई रोज दुपारी इथं येऊन तासन्‌तास बोलत होती.

"आजी," मी विचारलं, "तुम्ही खाली कुणाशी बोलत होता?"

ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली, मी दिवसाढवळ्या दिवा मागितल्यासारखं.

"सगळी हायती की," ती म्हणाली.

पट्टा तिनं दवाखान्यात स्वतःच सोडून माझ्या हातात दिला. मी हरणीचं पान बंद केलं. साहेबांनी कारण विचारलं, तर डबी बिघडली होती असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी म्हाताऱ्यांच्या गळ्यात पट्टे बांधायची योजना दुसऱ्याच दिवशी वर पाठवली असती, एवढं मी त्यांना ओळखत होते.

पाऊस लागायच्या आधी एकदा त्या बाजूला जाणं झालं. वस्तीवर शालन एकटीच होती. दारावरची बाहुली काढलेली होती. "मायलेक जुन्या गावात हायती," ती म्हणाली. "रोजच जात्यात. त्ये गाडीवर बसवून नेत्यात आन् घेऊन येत्यात. मी म्हटलं, काय बोलता ओ तिथं, तर म्हनत्यात, मी न्हाई बोलत, ऐकतो."

मीही गेले. पेवाच्या तोंडावर आता मोठी शिळा ओढून ठेवलेली होती. अंगणात एक पोतं अंथरलं होतं आणि त्यावर हौसाबाई पाय पसरून बसली होती, पायाला पट्टी. शेजारी संदिपान गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. ती हातानं दाखवत सांगत होती, इथं चूल, इथं तुझा पाळणा, तिकडं काशीचं घर, तिच्या दारात शेवगा. उन्हं कलली होती. पाण्यावरून आता वारा येत होता आणि आभाळात पश्चिमेला काळं धरलं होतं. महिन्याभरात हे सगळं पुन्हा खाली जाणार होतं.

मला बघून तिचा चेहरा उजळला. इतकं स्वच्छ हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

"ये गं बाय," ती म्हणाली. मग मान वळवून, तिच्या आणि संदिपानच्या मध्ये जी मोकळी जागा होती तिकडं बघत म्हणाली, "डेरीतली पोरगी. हिच्यामुळं गावलो आपुन. सरका जरा, बसू द्या तिला."

मी संदिपानकडे बघितलं. वाटलं, तो नजर चुकवेल, किंवा आईचं मनावर घेऊ नका अशी खूण करेल. तसं काही त्यानं केलं नाही. तो उठला, स्वतः पोत्याच्या पार टोकाला जाऊन बसला आणि मला आपली जागा दाखवून म्हणाला, "हितं बसा मॅडम. तिकडं दाटी हुईल."

मी बसले. बसताना साडीचा घोळ अंगाजवळ ओढून घेतला, मधल्या मोकळ्या जागेत कुणाला लागू नये म्हणून.